तारपा, टाळ आणि बेंजो

डोळखांब म्हणताच मुंबई-ठाण्याच्या पुष्कळ वाचकांना नकाशा शोधावा लागेल. वास्तविक त्यांच्या घरातले नळ या मुलखाला चांगले ओळखतात. ज्या तानसा तलावाचे पाणी मुंबई १८९२ पासून पिते आहे तो शहापूर तालुक्यातला, आणि आज मुंबईला सर्वांत जास्त पाणी पुरवणारी भातसाही याच तालुक्यातली. डोळखांब हे त्या शहापूर तालुक्याच्या पूर्वेकडचे बाजाराचे गाव. कसारा लोकलने आसनगावला उतरावे, शहापूरला एस. टी. धरावी आणि सह्याद्रीची भिंत समोर वाढत वाढत आभाळाला टेकेपर्यंत बसून राहावे. त्या भिंतीतला एक प्रचंड डोंगर म्हणजे आजोबाचा पर्वत. वाल्मीकींचा आश्रम तिथे होता, सीतामाई तिथे राहिली आणि लव-कुश ऋषींना 'आजोबा' म्हणत म्हणून डोंगराचेही ते नाव पडले, असे तिथला कोणीही माणूस आपल्याला सांगतो. आणि अशा खात्रीने सांगतो की, आपण मान डोलावण्यापलीकडे काही करू नये.

डोळखांब जितके अपरिचित, तितके वारली चित्र मात्र आता आपल्या परिचयाचे झाले आहे. पणतीवर, साडीच्या काठावर, दिवाणखान्याच्या भिंतीवर पांढऱ्या रेघांची ती माणसे एकमेकांच्या कमरेत हात घालून फेर धरतात आणि फेराच्या मध्यावर एकजण लांबलचक भोंगा फुंकत उभा असतो. जिव्या सोमा मशे यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदा-कापडावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्या मधल्या माणसाच्या हातातल्या वाद्याला तारपा म्हणतात, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याचा आवाज कसा असतो, हे कोणाला विचारून पाहा!

मी माझ्या वर्गात विचारले. लोकसाहित्याचा तास होता. साठ मुलांत एक हात वर आला, तोही अर्धाच.

"कुठे ऐकलास?" मी विचारले.

"घरी, सर."

वर्गात थोडा हशा पिकला. हा मुलगा डोळखांबच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. तासानंतर त्याला थांबवून घेतले, तेव्हा हळूहळू सारी हकीकत कळली. त्याचे आजोबा तारपा वाजवतात. वडिलांनी तरुणपणीच तुळशीची माळ घातली, ते गावच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात. आणि हा स्वतः लग्नसराईत एका बेंजो पार्टीत 'पॅड' वाजवून वर्षाच्या फीची सोय करतो. एका छपराखाली तीन पिढ्या आणि तीन वाद्ये! मी आनंदून म्हणालो, "मग तुमच्या घरी रोज मैफल असेल!"

"नाही सर," तो म्हणाला, "आमच्या घरी कोणी वाजवत नाही. प्रत्येकाची वाजवायची जागा वेगळी आहे."

हे वाक्य माझ्या मनात राहून गेले. दिवाळीच्या सुटीनंतर त्याच्या गावी आसपासच्या पाड्यांनी मिळून गाण्याबजावण्याचा एक कार्यक्रम ठेवला होता. तिथे ही तिन्ही वाद्ये एका रात्री, एकाच स्टेजवर येणार होती. त्याने बोलावले आणि मी गेलो.

कार्यक्रमाकडे वळण्यापूर्वी या वाद्यांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण ज्याला आपण 'गावाकडचे संगीत' असे एका शब्दात गुंडाळतो, त्याची मुळे फार दूरदूर गेलेली आहेत.

तारपा हे त्यातले खरे घरचे वाद्य. वाळवून आतून पोकळ केलेला दुधी, त्याच्या खालच्या अंगाला बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत थरथरणारी जीभ, आणि टोकाला ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला भोंगा. सांधे मेणाने बंद करायचे. बाजारातून काहीही आणावे लागत नाही. सारे कुंपणात आणि रानात मिळते. वाजवणारा फुंक मधे तुटू देत नाही. नाकाने श्वास घेत असतानाच गालात साठवलेली हवा तो दुधीत लोटत राहतो. गारुड्याच्या पुंगीचा हा थोरला भाऊ म्हणा ना! पण पुंगीची किरकिर त्यात नाही. त्याचा आवाज खर्जातला, घुमणारा आणि थोडा रडवेला असतो. कोकणा समाजात याचेच भावंड पावरी या नावाने वाजते.

पण तारप्याची खरी गंमत त्याच्या घडणीत नाही, त्याच्या पंचांगात आहे. वारल्यांत वाद्यांना ऋतू असतात. ढोल लग्नाचा. दोन भोपळ्यांची तंतुवाद्य घांगळी ही कणसरीच्या, म्हणजे धान्यदेवतेच्या पूजेची. आणि तारपा भात पिकू लागले की बाहेर काढायचा, तो कापणी-मळणी उरकून दिवाळी मागे पडेपर्यंत. मग तो आढ्याला टांगला जातो. आपल्या शास्त्रीय संगीतात रागांना प्रहर आणि ऋतू आहेत याचा आपल्याला केवढा अभिमान! इथे तर सबंध वाद्यच शेताकडे पाहून तोंड उघडते.

भजनी मंडळाची कथा निराळी. टाळ आणि पखवाज आपले. पण ज्या पेटीवाचून आज एकही भजन उभे राहत नाही, ती पेटी पॅरिसची. हार्मोनियम हे नाव देऊन ते वाद्य तिथे १८४० च्या सुमारास आकाराला आले. पायाने भाता मारायचा, खुर्चीवर बसून वाजवायचे, असे ते साहेबी थाटाचे होते. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास तिला हाताचा भाता दिला आणि पेटी मांडी घालून बसायला शिकली. पुढे महाराष्ट्रात गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी तिला मैफलीत मानाचे पान मिळवून दिले. तरीही विद्वानांची तिच्यावर खप्पा मर्जीच राहिली. तिचे स्वर ठोकून बसवलेले, त्यांत मींड नाही, श्रुती नाहीत, ही तक्रार. १९४० साली आकाशवाणीने पेटीवर चक्क बंदी घातली; ती १९७१ साली उठली, तीही अटी घालून. या तीस वर्षांत देशभरातल्या देवळांतून ती रोज वाजत होती. भजनी मंडळ रेडिओला विचारून गात नाही.

आणि बेंजो? नाव अमेरिकन, पण कातड्याने मढवलेल्या त्या अमेरिकन वाद्याशी आपल्या बेंजोचे काही नाते नाही. तो आला जपानातून. नागोया शहरातल्या मोरिता गोरो या गृहस्थाने १९१२ साली, टंकलेखन यंत्राला असतात तशा कळा तारांवर बसवून एक वाद्य तयार केले. त्याच वर्षी तिथे ताइशो कालखंड सुरू झाला, म्हणून त्याचे नाव ताइशोगोतो. हिंदुस्थानात येऊन ते 'बुलबुल तरंग' झाले, कव्वालीत शिरले, आणि मुंबईच्या गल्ल्यांत कोणी कसे कोण जाणे, त्याला बेंजो म्हणू लागले. गणपतीच्या मिरवणुकीत, हळदीला, वरातीत त्याचा तो पत्र्यासारखा तीक्ष्ण आवाज सर्वांच्या वर चढतो. सुशिक्षित माणसे कानांवर हात ठेवतात. २०१६ साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटच काढला, तेव्हा या वाजवणाऱ्या पोरांकडे जरा माणूस म्हणून पाहिले गेले. आमचा हा विद्यार्थी म्हणतो त्याप्रमाणे, "सर, बेंजो ऐकायला कोणी येत नाही, नाचायला येतात." तारप्याचेही तेच, हे त्याच्या लक्षात आले नव्हते.

अशी ही तीन कुळे. आता कार्यक्रमाकडे.

त्याला नाव नव्हते, छापील पत्रिका नव्हती. शाळेच्या फळ्यावर खडूने 'आज रात्री ७ वाजता' एवढे लिहिले होते. मैदानावर चार पिंपांवर फळ्या टाकून स्टेज केले होते, त्याला मागे एक निळी ताडपत्री, पुढे दोन माइक आणि बाजूला माणसाच्या उंचीचे ध्वनिक्षेपक. खाचरे कापून झाली होती. पेंढ्याचा वास सगळीकडे भरून राहिला होता. थंडी अशी की, माझ्यासारख्या शहरी माणसाला आपण स्वेटर घातला याची लाज वाटू नये.

सुरुवातीला आश्रमशाळेतल्या मुलांचे लेझीम झाले. ते कुठेही होते तसे झाले. मग भजनी मंडळ बसले. विद्यार्थ्याचे वडील पखवाजावर. दिवसा खांद्यावर भाऱ्या वाहून आलेला माणूस पखवाजापुढे बसताच कसा बदलतो, ते पाहण्यासारखे होते. बुवांचा आवाज बसलेला होता; पण टाळकरी असे एकजीव की, बसलेला आवाजही त्यांनी उचलून धरला. या भागात वारकरी पंथ खोलवर रुजला आहे. गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, दिंड्या निघतात. माळ घालणे याचा इथला अर्थ फार व्यवहारी आहे. दारू सुटते, कर्ज आटोक्यात येते, मुलगा शाळेत जातो. पण त्याबरोबरच दारूभोवतीचे जे जे असते तेही सुटते. आणि तारप्याचा फेर रात्रभर चालतो तो काही कोरड्या घशाने नाही. वडिलांनी माळ घातली त्या वर्षापासून ते फेराकडे फिरकले नाहीत. बापलेकांत भांडण झाले नाही, अबोलाही नाही. एकाने रात्र देवळात काढायला सुरुवात केली, एवढेच.

त्यानंतर ठाकरांची पोरे आली. या रांगेत म ठाकूर आणि क ठाकूर अशा दोन शाखा आहेत, ल. ना. छापेकर यांनी १९६० साली सह्याद्रीतल्या ठाकरांवर इंग्रजीत एक मोठे पुस्तक लिहिले, त्यात त्यांच्या चालीरीती तपशिलाने पाहायला मिळतात. ढोलकी, झांजा आणि पायांचा असा काही जलद खेळ की, फळ्यांचे स्टेज कुरकुरू लागले आणि पिंपांजवळची मंडळी सावधपणे मागे सरली. पिरॅमिड रचून वरच्या पोराने कंदिलासारखा मोबाईल उंच धरला, तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला. मग कातकरीवाडीचे दोघे ढोलकीवाले, मग कोळीगीतांवर नाचणाऱ्या मुली. त्यांचे गाणे पेनड्राइव्हवर होते आणि ते दोनदा अडकले.

मला मनापासून आवडला तो प्रसंग यानंतरचा. निवेदकाने दोन वृद्ध बायकांना स्टेजवर बोलावले. या धवलेरी. वारल्यांच्या लग्नात भटजी नसतो. लग्न लावते ती धवलेरी, गाण्यातून. निवेदक उत्साही तरुण होता. त्याने एकीच्या हातात माइक दिला आणि म्हणाला, "आजी, दोन मिनिटांत एक गाणं होऊन जाऊ द्या!"

आजीने माइककडे पाहिले, मग समोरच्या गर्दीकडे पाहिले आणि विचारले, "लगीन कोनाचा हाय?"

लोक हसले. निवेदकही हसला. "लग्न नाही आजी, नुसतं गाणं."

"नवरा नाय, नवरी नाय, मंग गाऊ कोनाला?"

पुन्हा हशा. पण आजी विनोद करीत नव्हती. तिच्या मते हे तसेच होते, जसे कोणी डॉक्टरला स्टेजवर बोलावून रोगी नसताना दोन मिनिटे ऑपरेशन करायला सांगावे. अखेर दुसरीने तिला समजावले, दोघींनी एकमेकींच्या गळ्यात हात घातले, माइककडे पाठ केली आणि आपापसांतच चार ओळी म्हटल्या. त्या कोणालाच नीट ऐकू आल्या नाहीत. नारळ आणि साडी-चोळी घेऊन त्या खाली उतरल्या. मी विद्यापीठांच्या चर्चासत्रांत लोकसंगीताच्या 'सादरीकरणावर' पुष्कळ निबंध ऐकले आहेत. त्या आजीच्या एका प्रश्नाइतके त्यांतले काही मला पटलेले नाही.

साडेआठच्या सुमारास तारप्याचा पुकारा झाला. आजोबा वर आले. सत्तरीच्या पुढचे, बारीक अंगाचे, डोक्याला फडके. वारली तारपावाल्यांची कीर्ती अलीकडे दूरवर गेली आहे. जव्हारजवळच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांना तर २०२६ साली पद्मश्री जाहीर झाली. पण जव्हार, मोखाडा, डहाणू हे सारे २०१४ साली नव्या पालघर जिल्ह्यात गेले आणि तारपा म्हटला की, लोक आता तिकडेच पाहतात. ठाण्यात राहिलेल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरचे तारपावाले त्या प्रकाशाच्या थोडे बाहेरच पडले.

आजोबांनी तारपा तोंडाला लावला तो पहिला स्वर मी विसरणार नाही. पण विसरणार नाही याचे कारण तो चांगला लागला हे नव्हे. माइकने त्याचे जे केले, ते. भोंग्याची घरघर, जिभेची थरथर आणि श्वासाचा फुसकारा हे सर्व त्या ध्वनिक्षेपकातून शंभरपट होऊन आले आणि पुढे बसलेली लहान मुले दचकली. आजोबाही दचकले. त्यांच्यासोबत आठ-दहा बायामाणसे फेर धरायला आली होती. पण स्टेजची लांबी जास्त, रुंदी कमी. फेर धरता येईना. तारपावाल्याने मध्यावर राहायचे आणि साखळीने त्याच्याभोवती वेटोळे घालत फिरायचे, हा या नाचाचा प्राण. आणि इथे तर तारपावाला माइकला बांधलेला. शेवटी सर्वांनी प्रेक्षकांकडे तोंड करून एका ओळीत उभे राहून पावले टाकली. पाच मिनिटांत नारळ, शाल, टाळ्या. आजोबा उतरताना नुसते पाहत होते. रागावलेले दिसले नाहीत. पाहुण्याच्या घरी अळणी जेवण वाढले तर माणूस जसा गप्प बसतो, तसे ते गप्प होते.

आणि मग बेंजो पार्टी. इथे मात्र स्टेज, माइक, ध्वनिक्षेपक हे सगळे जन्माचे सोबती भेटल्यासारखे खूश झाले. बेंजो, कीबोर्ड, पॅड, दोन ढोल, झांज. आमचा विद्यार्थी वर्गात मान वर करीत नाही. इथे दोन्ही हातांनी पॅडवर असा तुटून पडला की, मी त्याला ओळखले नाही. अख्खे मैदान उठले. ठाकरांची पोरे, लेझीमवाली मुले, भजनी मंडळातला एक टाळकरीसुद्धा! मी कानांवर हात ठेवले नाहीत, हे नम्रपणे नमूद करतो.

ठीक दहा वाजता गावच्या पोलीस पाटलांनी हात वर केला आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपकाला बंदी, हा कायदा २००० सालच्या नियमांपासून आहे आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कडक करून सांगितला. वर्षातले थोडे दिवस सरकार बारापर्यंत सवलत देते, पण हा दिवस त्यांतला नव्हता. पोरांनी थोडी कुरकुर केली, वायरी गुंडाळू लागली. मुंबईत असते तर लोक चपला शोधू लागले असते.

इथे कोणी हलले नाही. स्टेजवरचे दिवे मालवले गेले. थोडा वेळ नुसते बोलण्याचे आवाज. मग मैदानाच्या कडेला, पेंढ्याच्या उडवीपाशी, तोच घुमता खर्ज सुरू झाला, यावेळी माइकशिवाय. आजोबा उभे होते आणि एक म्हातारा हातातली घुंगुरकाठी जमिनीवर आपटत साखळी ओढून आणत होता. आधी दहा, मग तीस, मग मोजता येईनात. चित्रात पाहतो तेच वेटोळे. पण चित्रात एक गोष्ट कळत नाही: तारपावाला वळला की सारी साखळी वळते. तो पुढे सरकला की, ते चक्र मैदानावर सरकत जाते. प्रेक्षकाला बसायला बाजूच नाही. जिथे बसाल तिथे ते चक्र येते आणि तुम्हाला उठवते. मलाही एका बाईने "या मास्तर!" म्हणून दंडाला धरून उठवले. दोन तास मी त्या फेरात होतो. एवढ्या वेळात आजोबांची फुंक तुटल्याचे मी ऐकले नाही. आणि त्या दोन तासांत त्यांना कोणाला ऐकू येण्यासाठी काही वेगळे करावे लागले नाही, कारण सर्वांत दूरचा माणूसही दहा पावलांवर होता.

विद्यार्थ्याचे वडील फेरात आले नाहीत. देवळाच्या पायरीवर बसून मात्र ते शेवटपर्यंत होते.

मध्यरात्रीनंतर शेकोटीपाशी खरा वाद निघाला. मला तो कार्यक्रमापेक्षाही मोलाचा वाटला. ९ ऑगस्टला जागतिक आदिवासी दिन असतो. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली तो ठरवला आणि आता शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठांतून त्या दिवशी मोठ्या मिरवणुका निघतात. तरुणांचे म्हणणे असे की, त्या मिरवणुकीत आपला तारपा पुढे असला पाहिजे. आपली ओळख ती! बेंजोच्या गाडीमागे आपण किती दिवस चालणार? म्हणणे रास्त होते. पण ९ ऑगस्ट म्हणजे श्रावण. लावणी नुकती संपलेली, भात हिरवे, कणीस अजून पोटातही नाही. आजोबा मान हलवीत होते.

"भात पोटुशी हाय तवर तारपा वाजवाचा नाय," ते म्हणाले. "देव रागवल."

"आजोबा, तिकडं सगळे वाजवतात आता," नातू म्हणाला. "सरकारी कार्यक्रमात तर उन्हाळ्यातही वाजवतात."

"वाजवत असतील. त्यांचा भात त्यांना ठावा."

मी गप्प होतो, पण मला विचारलेच गेले. 'मास्तर, तुमी सांगा.' पोरांचा डोळा माझ्यावर. माझे मत असे आहे आणि तेच मी तिथे सांगितले: पोरांची ओळखीची भूक खरी आहे; पण आजोबांचा नियम मोडून मिळवलेली ओळख थोडी आजीच्या त्या चार ओळींसारखी होईल, दिसेल पण ऐकू येणार नाही. श्रावणात लग्नाचा ढोल वाजवू नये असाही नियम असेल, पण काही वाद्य वाजलेच पाहिजे तर ते बेंजोचे वाजू द्या. जपानातून आलेल्या वाद्याला श्रावण-कार्तिक सारखेच! आणि तारप्याचा स्वतःचा दिवस कार्तिकातला करा. एकजण म्हणाला, "पण सर, कार्तिकात पाहायला येणार कोण?" याला माझ्याकडे पुरते उत्तर नव्हते. म्हशाची जत्रा पौषी पौर्णिमेला भरते, मुरबाड तालुक्यातली सर्वांत मोठी. तिथे गुराढोरांच्या बाजाराला आणि घोंगड्यांना लोटणारी गर्दी गाण्याला का लोटू नये, असे मी म्हटले. पण पौषात तारपा आढ्याला गेलेला असतो, हे मला लगेच दोघांनी ऐकवले.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी खरा गुंतलो. तो नातवाने काढला. त्याला तारपा आणि बेंजो एकत्र वाजवून पाहायचे होते. बेंजो त्याच्या मित्राचा. दोघांनी प्रयत्न करून पाहिला होता. तारप्याचा स्वर त्या त्या दुधीवर आणि त्या त्या जिभेवर ठरतो. तो काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या मध्येच कुठेतरी बसलेला असतो. भजनी मंडळाची पेटी त्याच्याशी जुळणे शक्यच नव्हते, तिचे स्वर पॅरिसपासून ठरलेले. कीबोर्ड अर्ध्या अर्ध्या स्वराने चढतो-उतरतो, त्याचीही मजल तिथवर पोहोचेना. पण बेंजोला तारा असतात आणि तारेला खुंटी. मित्राने तारा उतरवत उतरवत तारप्याच्या खर्जाला आणून टेकवल्या आणि तो मूळ स्वर लागला! मधले दोन-तीन स्वर मात्र काही केल्या जुळेनात. बेंजोच्या कळांखालच्या पट्ट्या ठोकून बसवलेल्या. मग ते स्वर बेंजोने सोडून द्यायचे, असे दोघांनी ठरवले. वडील हे ऐकत होते. ते म्हणाले, "पखवाज कोणत्याबी सुरात लावता येतो. कणीक कमी-जास्त केली की झाला." एवढे बोलून ते उठून आत गेले. नातू माझ्याकडे पाहत राहिला. हे आमंत्रण होते की नुसती माहिती, हे त्यालाही कळले नसावे.

अडचण पुढेच आहे. बेंजो पार्टीला लग्नसराईच्या सुपाऱ्या आहेत, माघ ते वैशाख. भजनाला सप्ताह आहेत. तारप्याला सुपारी नाही, शाल आहे. आणि शालींनी फी भरता येत नाही. आजोबांकडून शिकायचे तर दिवाळीच्या पुढच्या-मागच्या दीड-दोन महिन्यांतच, कारण बाकीच्या वर्षात ते तारपा आढ्यावरून काढू देत नाहीत. नेमके तेव्हाच महाविद्यालयात सत्राच्या परीक्षा असतात. आमच्या वेळापत्रकाने लोकसाहित्य शिकवायची जागा ठेवली आहे, शिकायची नाही. यंदा मी त्याला दोन आठवडे हजेरी सांभाळून घेतो असे सांगितले आहे. वरिष्ठांनी विचारले तर त्याला 'क्षेत्रकार्य' म्हणतात.

दुसरी अडचण दुधीची. लांब मानेचा, जाड सालीचा, तारप्याजोगा दुधी आता बाजारच्या बियाण्यातून येत नाही. बाजारचा दुधी भाजीचा. आजोबांच्या तारप्याचा दुधी जुना आहे, मेणाने दोनदा सांधलेला. त्यांच्याकडच्या जुन्या बिया घेऊन नातवाने यंदा पावसाच्या सुरुवातीला घराच्या कुडावर दोन वेल चढवले. भाद्रपदात त्याने मला फोटो दाखवले. एकाचे फळ मानेपाशी वाकडे निघाले; ते आजोबांनी पाणी ठेवायला मागून घेतले. दुसरे सरळ आहे, पण ते अजून वेलावरच आहे. हिरवे फळ तोडले तर सुकताना सुरकुतते, म्हणून वेल वाळेपर्यंत थांबावे लागते. तोवर घरातल्या बकऱ्यांनी कुडाकडे जाऊ नये, यासाठी वडिलांनी तिथे काट्यांची एक फांदी आडवी लावून ठेवली आहे.